अभावाचे प्रमाण

जमिनीवर घट नाही हे आपणांस कोणत्या प्रमाणाने कळते, हा वाद मीमांसक आणि नैयायिक यांनी शतकानुशतके अशा ईर्ष्येने लढविला, की त्रयस्थास तो निव्वळ वाक्पांडित्याचा वाटावा. कुमारिल भट्टांनी त्यासाठी अनुपलब्धी हे सहावे स्वतंत्र प्रमाण मानले. नैयायिकांनी तो कारभार प्रत्यक्षाकडेच ठेवला. एका अटीविषयी मात्र उभयपक्षी फारसा तंटा नव्हता: जी वस्तू असती तर दिसलीच असती, तिचेच न दिसणे हा तिच्या अभावाचा दाखला. काळोखातील घटाच्या, किंवा मुळातच अदृश्य अशा पिशाचाच्या न दिसण्याने काहीच सिद्ध होत नाही.

बटाट्यावर काळे खवले चढविणारी आणि कोवळी रोपे जमिनीलगत कोलमडविणारी रायझोक्टोनिया सोलानी ही बुरशी अशीच पिशाचयोनीतील. पीक नसताना ती घट्ट गाठींच्या रूपाने मातीत वर्षानुवर्षे दबा धरून राहते. १९७१ साली स्टॉकहोमच्या एंगवाल व पर्लमान यांनी मांडलेल्या एलायझा पद्धतीने पुढे तिलाही दृश्यतेची योग्यता आणली: मातीचा अर्क प्लास्टिकच्या इवल्या वाटीत चिकटवावयाचा, त्यावर बुरशीचा विशिष्ट अंश ओळखणारी प्रतिपिंडे सोडावयाची, आणि विकराच्या योगाने रंग उमटला तर तो अंश सापडला असे समजावयाचे.

आणि रंग न उमटला तर? प्रयोगशाळा शेजारच्या वाटीत ज्ञात बुरशीचा अर्क मुद्दाम घालते, आणि तेथे रंग आला तरच पहिल्या वाटीच्या मौनाला किंमत देते. कुमारिलांचीच अट ही, फक्त अंगावर पांढरा डगला. तरीही मातीतील ह्यूमिक द्रव्ये या परीक्षेत व्यत्यय आणतात. शिवाय हेक्टरभर शेताच्या वरच्या वीतभर थरात सुमारे २० लाख किलो माती असते, आणि वाटीत जाते तो चिमूटभर मातीचा अर्क. ‘शेत निर्दोष’ असा शेरा मारणारा अंमलदार चिमटीची योग्यता बिनदिक्कत शेताच्या खाती जमा करतो.

याहून अवघड पेच उलट बाजूचा आहे. बुरशी मेली तरी तिचा अंश काही काळ मातीत उरतो. म्हणजे नैयायिकांच्या भाषेत प्रध्वंसाभाव घडून गेलेला असतानाही वाटी रंगते. म्हणूनच १९९३ साली इंग्लंडमध्ये थॉर्नटन, ड्यूई व गिलिगन यांनी रायझोक्टोनियाचे जिवंत अंश तेवढे हुडकण्यासाठी चाचण्या विकसित केल्या. जिवंत-मृताचा निवाडा करावयाचा तर बुरशीला आधी वाढू द्यावे लागते, आणि मग प्रतिपिंडांची साक्ष काढावी लागते; त्यात दिवस मोडतात, आणि त्वरेच्या आशेनेच या पद्धतीकडे वळलेल्यांना ते निमूटपणे सोसावे लागते.