हात मांडीवर

बहिऱ्या मुलांना बोलते करणे हा माझा व्यवसाय. पंचवीस वर्षांपूर्वी एका चिमुरडीला मी दरडावीत असे, “हात मांडीवर!” खुणांची सवय लागली की जीभ आळसावते, ही आमची शिकवण. तिचे मूळ १८८० च्या मिलान परिषदेत. खुणांच्या भाषेविरुद्ध तिथे ठराव झाला. करणारे बहुतेक सारे ऐकू येणारे! २०१० साली व्हँकुव्हरच्या परिषदेने त्याबद्दल खेद व्यक्त केला. माझा अजून मनातच आहे.

वर्षभराने पोर “आई” म्हणाली. आईने पेढे वाटले; मीही खाल्ले. पण पोट कुठे दुखते, हे त्या दोन अक्षरांत ती कसे सांगणार?

परवा ती भेटली. बोटांनी भराभर काहीतरी म्हणाली. मला अक्षरही कळले नाही.