मोकळ्या जागेचे ऋण

लंडनच्या ब्लूम्सबरी भागात बेडफर्ड स्क्वेअर नावाचा चौक आहे. मधोमध बाग आणि चारी बाजूंस एकमेकांस लागून उभ्या असलेल्या विटांच्या घरांच्या ओळी. १७७५ ते १७८३ या काळात बांधलेला हा चौक आजही टिकून आहे. अशा मोलाच्या जागा मोकळ्या कशा राहिल्या, असा प्रश्न आम्हांस पडतो.

उत्तराचा एक धागा लेस्टर स्क्वेअरच्या बागेत सापडतो. १८०८ साली टल्क नामक मालकाने ती विकताना तेथे बांधकाम न करण्याचे वचन लिहून घेतले. पुढे ती मॉक्सेकडे आली. वचन त्यास ठाऊक होते. परंतु ते आपण दिलेले नव्हे, असे त्याचे म्हणणे पडले. १८४८ साली लॉर्ड कॉटनहॅम यांनी त्यास मनाई केली. बंधनामुळे स्वस्तात घ्यावे आणि बंधन झुगारून नफा करावा, हा न्याय नव्हे.

तरीही सर्वच बागा वाचल्या नाहीत. मॉर्निंग्टन क्रेसेंटची बाग १९२०च्या दशकात सिगारेटच्या कारखान्याखाली गेली. अखेर १९३१ साली कायदा करून चारशेहून अधिक चौक राखावे लागले.

आमच्या देवळांपुढील प्रांगणे आणि तळ्यांचे काठ आम्हांस असेच लाभले आहेत. ते मोकळे राखण्याचा शब्द पूर्वजांनी दिला. आम्ही दिला नाही, हे खरे. परंतु त्या शब्दाची सावली आम्हीच भोगतो. सावली घ्यावी आणि शब्द टाकावा, हे धर्मास धरून नाही.