विमानावरील जकात आणि करारातील शून्य

परक्या मालावर जकात बसविण्याचा अधिकार जी राष्ट्रे सार्वभौमत्वाचा अविभाज्य अंश म्हणून प्राणपणाने जपतात, त्यांतील कित्येकांनी विमानाच्या बाबतीत तो आपखुशीने सोडून दिला, ही आधुनिक अर्थकारणातील विलक्षण घटना होय. जागतिक व्यापारविषयक वाटाघाटींच्या टोकियो फेरीतून १९७९ साली निष्पन्न झालेल्या आणि १ जानेवारी १९८० पासून अंमलात आलेल्या करारनाम्याने, नागरी विमाने, इंजिने व सुटे भाग यांवरील जकात सह्या करणाऱ्या देशांपुरती समूळ उठविली. त्यामुळे त्यांच्यात पुढे जे मुक्त व्यापाराचे तह झाले, त्यांना या एका जिनसेवर कमी करण्यासारखे काही उरलेच नाही. भारत व चीन या कराराबाहेर राहिले, आणि अशांना मात्र द्विपक्षीय तहातील सवलतीचे मोल राहते. जकात सोडण्याच्या या औदार्यामागे व्यवहार होता. नागपूरच्या मिहानमधील टाटांच्या कारखान्यात बोइंग ७८७ मधील प्रवाशांच्या पायाखालची जमीन तोलणाऱ्या तुळया घडविल्या गेल्या. असे अवयव देशोदेशींहून गोळा होत असता प्रत्येक सीमेवर जकात घेणे म्हणजे अखेर स्वतःच्याच कारखानदारास दंड करणे.

परंतु हे शून्य केवळ साध्या जकातीचे आहे, आणि माझ्या मते सर्व अनर्थ तेथेच दडलेला आहे. कॅनडाच्या बोंबार्डिए कंपनीने सी सीरीज हे विमान काढले, त्याचे पंख बेलफास्टचे, इंजिन अमेरिकेच्या प्रॅट अँड व्हिटनीचे. क्वेबेक सरकारने त्यात एक अब्ज डॉलर घातले आणि २०१६ साली अमेरिकेच्या डेल्टा कंपनीने ७५ विमानांची मागणी नोंदविली. बोइंगने फिर्याद केली की, हा माल सरकारी पैशाच्या बळावर अवाजवी स्वस्त विकला जात आहे. आणि १९८० चा करार व उत्तर अमेरिकेतील मुक्त व्यापाराचा नाफ्टा हा तह, हे दोन्ही विद्यमान असता, अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने २०१७ च्या शरदात त्यावर सुमारे ३०० टक्के प्राथमिक शुल्क ठरविले. तहाचा भंग झाला होता असे म्हणता येत नाही, कारण अनुदानाच्या व स्वस्त विक्रीच्या प्रतिकाराचे देशी कायदे नाफ्टाने अबाधितच ठेवले होते. दाद मागण्यास उभय देशांचे मंडळ होते, पण ते अंतिम निर्णयानंतर! जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकेच्याच व्यापार आयोगाने चार विरुद्ध शून्य मतांनी बोइंगची हानी झाली नसल्याचा निवाडा दिला व शुल्क रद्द झाले. तथापि तत्पूर्वीच, ऑक्टोबरात, बोंबार्डिएने या विमानाच्या प्रकल्पातील निम्म्याहून अधिक वाटा एअरबसला देण्याचे कबूल केले होते. पुढे त्याचे नाव ए२२० झाले आणि २०२० साली बोंबार्डिए त्यातून सर्वस्वी बाहेर पडली. जिच्यावरील शुल्क अखेर रद्द झाले, त्या कंपनीने आपले अपत्य गमावले, याचे मला आजही दुःख वाटते.

बलिष्ठांची गोष्ट निराळी. एअरबस व बोइंग यांच्या अनुदानांवरून युरोप व अमेरिका यांनी जागतिक व्यापार संघटनेत २००४ पासून वाद घातला, २०१९ व २०२० मध्ये परस्परांच्या विमानांवर जकाती बसविल्या आणि जून २०२१ मध्ये त्या पाच वर्षे स्थगित केल्या. दोघांनाही प्रहार सोसण्याचे व परतविण्याचे सामर्थ्य होते.

आपल्या वाटाघाटकारांनी म्हणूनच दराच्या रकान्यापेक्षा दोन कलमांवर अधिक आग्रह धरावा: सरकारी साहाय्य कोणते निषिद्ध, याची स्पष्ट व्याख्या, आणि चौकशी चालू असतानाच तातडीने दाद मिळण्याची तरतूद. कानपूरला बांधले जाणारे हिंदुस्थान-२२८ हे सरकारी मालकीच्या कंपनीचे विमान आहे. परदेशी बाजारात त्याच्यावर अनुदानाचा आरोप ठेवण्यास प्रतिस्पर्ध्याला फारसे कष्ट पडणार नाहीत.