स्वर धरून ठेवणारा समाज



शेवटच्या भोजनानंतर येशू आणि त्याचे शिष्य स्तोत्र गाऊन जैतुनांच्या डोंगराकडे निघाले, असे संत मत्तय आणि संत मार्क दोघेही सांगतात. दुःखसहनाचा वृत्तांत ऐकताना आपण या वाक्यावर क्वचितच थांबतो. यहुदी लोक वल्हांडणाच्या भोजनात स्तोत्रसंहितेतील ११३ ते ११८ ही स्तोत्रे गातात. त्यांपैकीच काही येशूने त्या रात्री गायिली असावीत, असे बायबलचे अनेक अभ्यासक मानतात. मरण समोर उभे असताना आपल्या प्रभूला प्रार्थनेसाठी नवे शब्द शोधावे लागले नाहीत. लहानपणापासून आपल्या लोकांबरोबर गायिलेले शब्द त्याच्या ओठांवर होते.

यहुदी समाज हे धन आजही आपल्या मुलांच्या हाती देतो. मॅथ्यू लझार या संगीत-संचालकांनी १९९३ साली अमेरिकेत किशोरवयीन यहुदी मुलामुलींसाठी ‘हाझामीर’ नावाचा गायनवृंद सुरू केला. अमेरिका आणि इस्राएलमधील अनेक शहरांतील मुले आपापल्या गावी सराव करतात आणि पुढे न्यूयॉर्कला एकत्र जमून शेकडोंच्या समूहात गातात. कोणी परंपरा काटेकोर पाळणाऱ्या घरातले, तर कोणी उदारमतवादी घरातले. एरवी प्रार्थनेच्या पद्धतीवरून ज्यांचे पटणार नाही, ती मुले खांद्याला खांदा लावून हिब्रू गीते गातात.

‘हाझामीर’ म्हणजे नाइटिंगेल, गाणारा पक्षी. हे नाव जुने आहे. पोलंडमधील लॉड्झ शहरात १८९९ साली याच नावाचा यहुदी गायनवृंद उभा राहिला होता. १९३९ साली नाझी सैन्याने ते शहर घेतले. पुढे तेथील घेट्टोत दोन लाखांहून अधिक यहुदी कोंडले गेले आणि त्यांतले फार थोडे वाचले. आजचा पंधरा वर्षांचा मुलगा त्या नावाच्या वृंदात उभा राहतो, तेव्हा गप्प केलेल्या कंठांचे गाणे तो पुढे नेत असतो. आपण एकटे नाही, आपल्या आधी कोणी होते आणि आपल्यानंतरही कोणी असेल, हे त्याला कोणी व्याख्यान देऊन शिकवत नाही. ते तो गाता गाता शिकतो.

संत ऑगस्टीन यांनी ‘कबुलीजबाब’ या ग्रंथात काळाचा विचार करताना स्तोत्र गाण्याचेच उदाहरण घेतले आहे. गाण्याआधी सारे स्तोत्र अपेक्षेत असते आणि गाता गाता ते आठवणीत जमा होते. माणसाचे सारे आयुष्यही तसेच, असे ते म्हणतात. तरुण वयात आठवणीत काय जमा होते, यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते.

वृंदात गाणाऱ्याला आणखी एक गोष्ट कळते. लांब स्वर एकट्याच्या दमात पुरत नाही. एकजण श्वास घेतो, तेव्हा शेजारचा स्वर धरून ठेवतो. मग शेजारचा श्वास घेतो, तेव्हा पहिला धरतो. ऐकणाऱ्याला स्वर अखंड वाटतो. विश्वासाचेही असेच आहे. कधी ना कधी आपल्या प्रत्येकाचा दम संपतो. आजारपणात, नोकरी गेल्यावर, घरात मृत्यू झाल्यावर प्रार्थना ओठांवर येत नाही. तेव्हा धर्मग्राम आपल्यासाठी स्वर धरून ठेवतो. पण स्वर धरणारा कोणी शेजारी तर हवा!

म्हणूनच आम्हां धर्मगुरूंना एक चिंता वाटते. दृढीकरण झाले, दहावीचे वर्ष आले, की मुले कोयर सोडतात. “आधी अभ्यास, मग गाणे,” असे आपण पालक व वडीलधारे म्हणतो. अभ्यास हवाच. पण ज्या वयात मनात प्रश्न उठू लागतात, नेमके त्याच वयात आपण मुलाला सोबत्यांपासून दूर करतो. आठवड्यातला एक तास सराव केल्याने गुण कमी झाले, असे आपण खरोखर कितीदा पाहिले आहे?

यहुदी लोक आपल्याला परके नाहीत. आपल्याच कोकणातील बेने इस्राएल बांधवांनी जुन्या करारातील कथांवर मराठीत कीर्तने रचली आहेत. दर रविवारी मिस्सामध्ये आपण जे प्रतिसाद स्तोत्र गातो, तेही त्यांच्याच पूर्वजांचे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली या नात्याची आपल्याला आठवण करून दिली आणि यहुदीद्वेषाचा निषेध केला. ज्यांचे गाणे आपण गातो, त्यांचा द्वेष आपण कसा करणार?

पालकहो, या आठवड्यात आपल्या मुलाला किंवा मुलीला सरावाला पाठवा. जमल्यास स्वतः सोबत या. आवाज गोड नसला तरी चालेल. आणि तरुण मित्रांनो, तुमच्या मनात शंका असतील, तर त्या घेऊनच या. तुमचा श्वास अपुरा पडेल तेव्हा शेजारचा स्वर धरील, आणि एखाद्या रविवारी त्याच्यासाठी तुम्हाला तो धरावा लागेल.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.