मुख्तार की मजबूर?

उर्दूत 'मुख्तार' आणि 'मजबूर' हे दोन शब्द बहुधा जोडीनेच येतात. पहिला 'इख्तियार'चा भाऊ, दुसरा 'जब्र'चा. माणूस आपल्या कृत्याचा कर्ता आहे, की त्याच्याकडून सारे करवून घेतले जाते, यावर हिजरी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात कदरिया आणि जबरिया यांनी मोठा वाद घातला. तो वाद खुदा आणि बंदा यांच्या नात्याचा होता. केन लोच या ब्रिटिश दिग्दर्शकाचा 'सॉरी वी मिस्ड यू' (२०१९) हा चित्रपट पाहताना मला तो आठवला. मात्र येथे पलीकडच्या बाजूला पार्सले पोहोचवणारी एक कंपनी आहे.

न्यूकॅसल शहरातले एक कुटुंब. रिकी, त्याची पत्नी अ‍ॅबी, सोळा-एक वर्षांचा सेब आणि धाकटी लायझा. रिकीने बांधकामापासून बागकामापर्यंत सगळी कामे केली आहेत. २००७ मध्ये 'नॉर्दर्न रॉक' ही तिथलीच बँक कोसळली, त्यात यांचे घर घेण्याचे स्वप्न गेले. तेव्हापासून भाड्याचे घर आणि कर्ज. बेकारभत्ता घेण्यापेक्षा उपाशी राहीन, असे तो पहिल्याच प्रसंगात अभिमानाने सांगतो. त्याच्यासमोर बसलेला डेपोचा व्यवस्थापक मलोनी त्याला समजावतो की येथे कोणी नोकरीला लागत नाही. तू आमच्यासाठी नव्हे, आमच्यासोबत काम करशील, तुझा मालक तूच. रिकी खूश होतो. व्हॅनच्या अनामत रकमेसाठी अ‍ॅबीची मोटार विकली जाते. अ‍ॅबी घरोघरी जाऊन वृद्धांची, अपंगांची शुश्रूषा करते. आता ती बसथांब्यांवर ताटकळत हे काम करणार, कारण पैसे भेटीचे मिळतात, प्रवासाच्या वेळेचे नाही.

अ‍ॅरिस्टॉटलने असल्या निर्णयांसाठी एक उदाहरण देऊन ठेवले आहे. वादळात सापडलेल्या जहाजाचा कप्तान माल समुद्रात फेकतो. त्याने तो स्वेच्छेने फेकला काय? हात त्याचेच होते, पण वादळ नसते तर कोणता शहाणा माणूस माल बुडवील? अशी कृत्ये मिश्र असतात, असे अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो, पण त्यांना तो ऐच्छिक कृत्यांच्या अधिक जवळ ठेवतो. आपल्याकडच्या फकीहांनीही 'इकराह' म्हणजे दुसऱ्याने केलेली जबरदस्ती आणि 'इज्तिरार' म्हणजे परिस्थितीने आलेली निकड यांत फरक केला आहे. गळ्यावर सुरी ठेवून करून घेतलेल्या सौद्याचा प्रश्न त्यामानाने सोपा. निकडीतल्या माणसाने आपण होऊन केलेल्या सौद्याचे काय, येथे गाडी अडते. मलोनीने रिकीच्या गळ्यावर सुरी ठेवलेली नाही. त्याने फक्त कागद पुढे केला.

तो कागद काय करतो, हे चित्रपट एकही भाषण न देता दाखवतो. हातात एक स्कॅनर दिला जातो. गाडीबाहेर दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ गेला की तो वाजू लागतो. लघवीसाठी बाटली. दिवसाचे चौदा तास, आठवड्याचे सहा दिवस. रजा हवी तर बदली चालक स्वतः शोधायचा, नाहीतर दिवसाला शंभर पौंड दंड. एका शनिवारी रिकी लायझाला सोबत नेतो. बापलेकीचा तो दिवस म्हणजे चित्रपटातले थोडेसे ऊन. पण एक ग्राहक तक्रार करतो आणि मलोनी मनाई करतो. व्हॅन माझी, विमा माझा, मुलगी माझी. मग परवानगी कोणाची? धंदा तुझा, पण नाव आमचे, असे उत्तर मिळते. ज्या मालकाला आपल्याच गाडीत आपल्याच मुलीला बसवता येत नाही, त्याला मुख्तार कोणत्या अर्थाने म्हणावे?

(चित्रपट इंग्रजी असला तरी खाली इंग्रजी अक्षरे लावूनच पाहावा. तिकडची बोली आपल्या पुस्तकी इंग्रजीला दाद देत नाही.)

शिक्षिका म्हणून मला सेबचा प्रसंग जास्त टोचला. बाप म्हणतो, शीक, नाहीतर माझ्यासारखा राबशील. मुलगा उत्तर देतो, मित्राचा भाऊ शिकला, कर्जात बुडाला आणि आता कॉल सेंटरमध्ये बसतो. या उत्तरापुढे वर्गात काय बोलायचे? माझेच काही माजी विद्यार्थी पाठीवर चौकोनी पिशवी घेऊन दुचाकीवर फिरतात. 'स्वतःचा टाइम आहे, टीचर' असे ते हसून सांगतात, आणि बोलता बोलता डोळे मोबाइलवर असतात.

मलोनीला खलनायक ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण लोच आणि लेखक पॉल लॅव्हर्टी तसे करू देत नाहीत. मलोनीचा एक युक्तिवाद खोडून काढणे कठीण आहे. दार उघडणाऱ्या किती जणांनी तुला 'कसा आहेस' असे विचारले, असे तो रिकीला विचारतो. त्यांना हवी असते किंमत, वेळ आणि हातातली वस्तू. म्हणजे जब्र करणाऱ्यांत आपणही आलो, सवलत पाहून घरबसल्या मागणी नोंदवणारे. आपली नीयत वाईट नसते, एवढेच.

आणि नीयतीचे म्हणाल तर लायझाकडे पाहा. एके सकाळी व्हॅनच्या किल्ल्या गायब होतात. बापाचा संशय सेबवर जातो आणि त्याचा हात उठतो. किल्ल्या लायझाने लपवलेल्या असतात. व्हॅन बंद पडली तर घर पूर्वीसारखे होईल, एवढाच तिचा हिशेब. या साऱ्या कथेत खरा इख्तियार कोणी वापरला असेल तर या पोरीने. आणि मार बसला भावाला. 'इख्तियार' आणि 'खैर' यांची धातू एकच आहे. निवडणे म्हणजे मुळात बरे ते निवडणे. या घरापुढे मात्र निवडायला ठेवले आहे ते वाईट आणि त्याहून वाईट.

ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये 'उबर'च्या चालकांना कामगार ठरवले. करारात काय लिहिले आहे त्यापेक्षा प्रत्यक्ष हुकूम कोणाचा चालतो हे पाहावे, असा त्या निकालाचा रोख होता. राजस्थानने २०२३ मध्ये अशा कामगारांसाठी कायदा केला. या गोष्टी चांगल्याच झाल्या. पण कागदावरचा 'मालक' हा शब्द खोडला तरी रिकीच्या मनातला तो कोण खोडणार? त्याने तो स्वाभिमानाने घेतला होता.

शेवटाकडे रिकीला लुटारू मारतात. रुग्णालयात तपासणीची वाट पाहत असतानाच मलोनीचा फोन येतो: फुटलेल्या स्कॅनरचे हजार पौंड लागतील. आयुष्यभर दुसऱ्यांचे मलमूत्र शांतपणे पुसणारी अ‍ॅबी फोन हिसकावून शिव्या देते आणि मग भर लोकांत तसे बोलल्याची तिलाच लाज वाटते. दुसऱ्या दिवशी पहाटे रिकी उठतो. एक डोळा सुजून मिटलेला. सेब व्हॅनसमोर उभा राहतो, अ‍ॅबी आणि लायझा विनवतात. कोणीही त्याला 'जा' म्हणत नाही. मलोनी तेथे नाही, स्कॅनरही वाजत नाही. रिकी रडत रडत व्हॅन मागे घेतो, वळवतो आणि कामावर निघतो.