भांग, प्रसाद आणि विवेक

महाशिवरात्र जवळ आली की औंढा नागनाथाच्या वाटेवर भाविकांची रीघ लागते. या दिवसांत तरुण भक्तांकडून एक प्रश्न हमखास विचारला जातो : भांग महादेवाला प्रिय, तर ती घेण्यात दोष कोणता? प्रश्न प्रामाणिक आहे. उत्तरही प्रामाणिकपणे दिले पाहिजे.

भांगेचा शिवपूजेशी असलेला संबंध नाकारण्याचे कारण नाही. १८९३-९४ साली इंग्रज सरकारने नेमलेल्या आयोगाने देशभर साक्षी घेतल्या, तेव्हा त्यानेही तो नोंदविला. माफक सेवनाने सहसा हानी होत नाही, अतिरेकाने होते, असा त्याचा निष्कर्ष होता. अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या केंद्रीय कायद्यातील व्याख्येत चरस व गांजा आहेत, नुसती पाने नाहीत. म्हणून काशीस भांगेची परवानाधारक दुकाने दिसतात. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये परवान्यावाचून भांग बाळगणे वा सेवन करणे हा गुन्हा आहे. तेथे चालते म्हणून येथे चालेल, असे समजू नये.

परंतु कायद्याच्या पलीकडे नीतीचा प्रश्न उरतोच. तरुणपणी परप्रांतातील एका यात्रेत मी एका सोबत्यास गंमत म्हणून, न सांगता, भांगेची थंडाई पाजली. पाऊण तासात काहीच झाले नाही, म्हणून दुसरा पेला दिला. पुढे तो इतका भ्याला की रात्रभर माझा हात धरून रडत होता. सकाळी सावरल्यावर एवढेच म्हणाला, "प्रसाद म्हणून दिलास, म्हणून विचारलं नाही रे." ते वाक्य आजही मनातून जात नाही.

माझी चूक दुहेरी होती. पोटात गेलेली भांग धुराप्रमाणे तत्काळ चढत नाही. पचन होऊन, यकृतातून तिचा अंमल सुरू होण्यास अर्धा ते दोन तास लागतात व तो सहा-आठ तास, कधी त्याहूनही अधिक टिकतो. शिवाय प्रत्येक पेल्यातील प्रमाण सारखे नसते. म्हणून जेथे कायद्याची मुभा आहे तेथेही नवख्याने अगदी अल्प घ्यावी, त्या दिवशी पुन्हा घेऊ नये, मद्य टाळावे, वाहन चालवू नये व शुद्धीतील सोबती जवळ असावा. गर्भवती व स्तनदा माता, किशोरवयीन मुले, हृदयरोगी व मनोविकार असलेल्यांनी ती वर्ज्यच मानावी. छातीत दुखल्यास वा शुद्ध हरपल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि डॉक्टरांपासून काही लपवू नये.

दुसरी चूक मोठी होती. ज्याला देतो त्याला सत्य न सांगता दिलेली वस्तू प्रसाद कशी ठरेल? महादेवांनी हलाहल स्वतः प्राशन केले ते इतरांच्या रक्षणासाठी. ते दुसऱ्यास पाजले नाही. अनुकरण करावयाचे तर त्या त्यागाचे करावे.

याच क्षेत्री विसोबा खेचरांनी नामदेवांना, देव नाही अशी जागाच नाही, हे उमगविले, अशी परंपरा आहे. मग शेजारचा यात्रेकरूही देवाचेच स्थान नव्हे काय? त्याची फसवणूक ही सेवा होऊ शकत नाही. कोणी भांग नम्रपणे नाकारली तर त्यात शिवाचा अवमान नाही. भोळा शंकर एका बेलपानानेही संतुष्ट होतो.

श्री नागनाथ सर्वांना सद्बुद्धी देवो.