आपलेपणा कुणी द्यायचा?

परदेशी विद्यापीठात मूल रमत नाही असं कळलं की आपण सल्ला त्यालाच देतो. मिसळायला शीक, आपल्याच लोकांत राहू नकोस, जरा बोलता हो. विद्यापीठंही फार वेगळं सांगत नाहीत. पहिल्या आठवड्यात स्वागत समारंभ, पुढे दिवाळीची एखादी संध्याकाळ, आणि बाकी सगळं विद्यार्थ्याच्या स्वभावावर. माझ्या मते इथे जबाबदारी चुकीच्या खांद्यावर टाकली जाते. राहायला जागा, वर्गात बरोबरीचा मान आणि मुक्कामाची शाश्वती या तीन गोष्टी संस्थेनं आणि शासनानं आधी उभ्या करायच्या असतात. त्या असल्या तर ओळखीची मैत्री होते. नसल्या तर कितीही बोलक्या मुलाला ते विद्यापीठ आपलं वाटत नाही.

बाबासाहेब आंबेडकरांचं उदाहरण या दृष्टीनं वाचण्यासारखं आहे. बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन १९१३ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथल्या लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर ते राहिले आणि ती मैत्री आयुष्यभर टिकली. १९१६ च्या मे महिन्यात तिथले मानववंशशास्त्रज्ञ गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला. परक्या देशातला विद्यार्थी आपल्याच समाजाची चिकित्सा मांडतो आणि ती ज्ञान म्हणून ऐकली जाते, हा खरा मान. अमेरिका तेव्हा वर्णभेदापासून मुक्त होती असं मुळीच नाही. तरीही वसतिगृहातली खोली आणि चर्चासत्रातली जागा त्यांना मिळाली. १९१७ मध्ये नोकरीसाठी बडोद्यात आल्यावर मात्र, जात कळताच, पारशी विश्रामगृहातून त्यांना बाहेर काढण्यात आलं. माणूस तोच, विद्वत्ता तीच. फरक पडला तो भोवतालच्या व्यवस्थेनं.

आज हा प्रश्न वेगळ्या रूपात समोर येतो. ब्रिटनमध्ये भाड्याची खोली घेताना घरमालक अनेकदा तिथलाच जामीनदार मागतो. नुकत्याच उतरलेल्या मुलीला असा जामीनदार कुठून मिळणार? मग ओळखीतल्या ओळखीत चार भारतीय मुली एका घरात राहतात, आणि त्या आपल्यातच राहतात असा ठपका त्यांच्यावर येतो. वर्गात प्राध्यापक सांगतात, गट तुमचे तुम्ही करा. एकमेकांना आधीपासून ओळखणारे पटकन जमतात, उरलेल्यांचा एक गट होतो, आणि तो बहुतेकदा परदेशी मुलांचा असतो. शाश्वतीची गोष्ट तर आणखी नाजूक. २०२५ च्या वसंतात अमेरिकेत हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या मुक्कामाला आधार देणाऱ्या सरकारी नोंदी अचानक रद्द झाल्या. न्यायालयीन लढायांनंतर त्या पूर्ववत करण्यात आल्या. उद्या इथे असू की नाही याची खात्री नसलेल्या विद्यार्थ्यानं नाट्यमंडळात नाव घालावं, ही अपेक्षाच मुळात अन्याय्य आहे.

यावर आक्षेप येईल की कुणाला किती काळ राहू द्यायचं हा त्या देशाचा अधिकार आहे. तो आहेच. प्रवेश मर्यादित ठेवायलाही हरकत नाही. पण स्थानिकांपेक्षा कितीतरी जास्त शुल्क घेऊन ज्याला बोलावलं, त्याच्यासाठी नियम मध्येच बदलणं हा त्या अधिकाराचा भाग असू शकत नाही. दुसरा आक्षेप असा की काही मुलं खरंच प्रयत्न करत नाहीत. करत नसतीलही. मात्र प्रयत्नाला अर्थ येतो तो दार उघडं असताना. बंद दारावर थाप मारून थकलेल्याला आळशी म्हणता येत नाही.

हीच कसोटी आपल्यालाही लावली पाहिजे. आफ्रिकेतून, अफगाणिस्तानातून, इराणमधून विद्यार्थी पुण्यात शिकायला येतात. परदेशी भाडेकरूची माहिती सरकारला कळवण्याची जबाबदारी जागा देणाऱ्यावर असते, आणि तेवढ्या कटकटीपायी किंवा रंगाकडे पाहून नकार देणारे आपल्यातच आहेत. आपल्या मुलांसाठी लंडनमध्ये जे मागायचं, ते कोथरूडमध्ये दुसऱ्यांच्या मुलांना नाकारायचं, याचं समर्थन कसं करणार?

उपाय अवघड नाहीत. काही ब्रिटिश विद्यापीठं स्वतः विद्यार्थ्याला जामीन राहतात. तशी सोय सगळीकडे हवी. गट प्राध्यापकांनी पाडावेत. ज्या नियमांवर प्रवेश दिला, ते अभ्यासक्रम संपेपर्यंत पाळावेत. एवढं झाल्यावर मिसळण्याचा सल्ला खुशाल द्यावा. तो तेव्हाच देण्याचा हक्क आपल्याला पोचतो.